काचेवर आणि ॲक्रिलिकवर फोटो छापायचाय? अंबाजोगाईच्या दुकानातून चार गोष्टी

अंबाजोगाईत माझं फोटोचं आणि भेटवस्तूंचं छोटं दुकान आहे. महिन्याला एकदोन पोरं तरी येतात. कुणी केजचं, कुणी परळीचं, कुणी अहमदपूरचं. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, काचेवर फोटो छापायचं मशीन घ्यायलोय. काय काय लागतं?" बहुतेकांनी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात छापलेला कागद चिकटवतात, गरम पाट्याची प्रेस दाबतात, फोटो तयार. त्या व्हिडिओत फुटलेल्या काचा दिसत नाहीत. माझ्याकडे त्यांची गोणी भरली होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कापूर आठवा

देवघरातल्या डबीचं झाकण उघडं राहिलं की कापराची वडी आठवड्याभरात बारीक होते. डबीत पाणी साचत नाही, कापूर वितळल्याची खूण राहत नाही, तो थेट हवेत जातो. शाळेच्या पुस्तकात याला संप्लवन म्हटलंय, बाजारात सब्लिमेशन म्हणतात. आपल्या प्रिंटरमध्ये भरायच्या शाईतले रंगही तसेच वागतात. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला कागदावरचा रंग वायू होतो आणि समोर पॉलिस्टरसारखा पदार्थ असेल तर त्याच्या आत शिरतो. गार झालं की आतच अडकून बसतो. म्हणून पॉलिस्टरच्या टी-शर्टावरचं चित्र धुतलं तरी जात नाही आणि सुती शर्टावर ते धरतच नाही.

आता काच बघा. तिच्यात रंगाला शिरायला जागाच नाही. म्हणून सब्लिमेशनसाठी जी काच विकत मिळते, तिच्या एका बाजूला रंग धरणारं पातळ कोटिंग दिलेलं असतं. आपण छापतो ते त्या कोटिंगमध्ये. काच फक्त त्याला धरून बसलेली असते. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मला ते बसायला एक लग्न लागलं. पहिल्या वर्षी मी हुशारी केली. तयार ब्लँक, म्हणजे कोटिंग दिलेली कोरी काच, महाग वाटली म्हणून गावातल्या काचवाल्याकडून साधी ४ मिमी काच कापून आणली, कडा घासून घेतल्या आणि प्रेस केली. चित्र आलं! फिक्कं होतं, पण आलं. मग बोटाचे डाग काढायला ओलं फडकं फिरवलं आणि नवरा-नवरी दोघंही फडक्यावर आली.

कोटिंग फवारायच्या बाटल्याही मिळतात. नवख्यानं त्यांच्या नादी लागू नये. जाड-पातळ थर बसतो, भट्टीत नीट पक्का करावा लागतो, आणि आपल्याकडच्या धुळीत ओल्या थरावर काय काय येऊन चिकटतं ते सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्टही यातूनच येते. या शाईत पांढरा रंग नसतो. फोटोतलं पांढरं म्हणजे मागचं कोटिंग जसंच्या तसं राहिलेलं. पांढऱ्या कोटिंगची काच असेल तर नवरदेवाचा फेटा पांढराच दिसतो. कोटिंग पारदर्शक असेल तर फेट्यातून भिंतीचा रंग दिसतो. सुरुवातीला पांढऱ्या कोटिंगचीच काच घ्या.

काय घ्यायचं, काय नाही

प्रिंटर इंकटँकचा हवा आणि त्याचं हेड पिझो पद्धतीचं, म्हणजे शाई न तापवता फेकणारं हवं. एपसनचे टँकवाले प्रिंटर यासाठी सगळीकडे वापरतात, ते याचमुळे. ज्या प्रिंटरचं हेड शाई तापवून फेकतं, त्यात ही शाई टिकत नाही. तापवल्यावर काय होतं ते वर सांगितलंच. प्रिंटर नवा घ्या आणि पहिल्या दिवसापासून त्यात सब्लिमेशन शाईच भरा. मूळ शाई एकदा नळ्यांत गेली की ती पूर्ण धुऊन काढणं कटकटीचं काम आहे. दुसरी शाई भरली की वॉरंटीवर पाणी सोडायचं, हेही आधीच मनाशी धरा. आणि या प्रिंटरवर आधारकार्डाच्या झेरॉक्स काढत बसायचं नाही. त्याला वेगळा प्रिंटर ठेवा.

चार रंगांचा ए-४ प्रिंटर शिकायला पुरतो. सहा रंगांचा असेल तर चेहऱ्याच्या कातडीचे रंग जास्त मऊ येतात, पण हेडही सहा रंगांचं सांभाळावं लागतं.

हीट प्रेस सपाट घ्या, १५ बाय १५ इंचाची. कॉफीचा मग, टोपी, ताटली सगळं एकात करणारी 'पाच इन एक' दुकानदार गळ्यात मारायला बघतो. काचेसाठी तिचा उपयोग नाही, सपाट पाट्याचाच आहे. प्रेस घेताना पाटा सगळीकडे सारखा तापतो का ते बघा. पडद्यावरचा आकडा एकाच जागच्या सेन्सरचा असतो आणि कोपरे त्याहून गार असू शकतात. बंदुकीसारखं लेझरचं थर्मामीटर मिळतं, ते घ्या आणि नऊ ठिकाणी माप घेऊन वहीत लिहून ठेवा. माझ्या प्रेसचा उजवा खालचा कोपरा बाकीच्यापेक्षा ११ अंशांनी गार आहे. म्हणून मी छोटे पीस कायम मध्यावर ठेवतो.

किरकोळ सामान: सब्लिमेशन पेपर, उष्णता सहन करणारी तपकिरी टेप, टेफ्लॉन शीट, बटर पेपर, सिलिकॉनचं मऊ पॅड, जाड हातमोजे, आणि कपड्यावरची लव काढायचा चिकट रोलर. हा रोलर यादीत शेवटी आला म्हणून सोडू नका. आपल्या भागात दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की हवेत तंतू उडतात. काचेवर डोळ्यांना न दिसणारा एक तंतू राहिला तरी नवरीच्या गालावर निळी रेघ उमटते.

घरची इस्त्री चालेल का, असं हमखास कुणीतरी विचारतं. चालत नाही. इस्त्रीला वाफेची भोकं असतात, उष्णता कमी-जास्त होते आणि हात चार मिनिटं एका जागी स्थिर राहत नाही.

लाइटचं गणित

या आकाराची प्रेस साधारण १४०० ते २००० वॉट खाते. म्हणजे १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर आणि खरीखुरी अर्थिंग हवी. 'अर्थिंग' नावाची नुसती हिरवी वायर लोंबकळत असेल तर ती अर्थिंग नव्हे. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर प्रेस चालवायचा प्रयत्नही करू नका.

लाइट जाण्यापेक्षा विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होण्याचा त्रास जास्त होतो, कारण तो दिसत नाही. २३० व्होल्टच्या जागी १८० आले तर प्रेसची ताकद सरळ हिशेबात घटत नाही, वर्गाच्या हिशेबात घटते: उरते जेमतेम ६१ टक्के. रब्बीत शेतातल्या मोटारी चालू असतात तेव्हा माझी प्रेस १९० अंशांवर पोचायला दुप्पट वेळ घेते. पोचल्यावर तिच्याखाली गार काच सरकवली की आकडा धाडकन खाली येतो आणि वर चढतच नाही. टायमर मात्र इमानदारीत वाजतो. नवखा म्हणतो, "वेळ तर पूर्ण दिला, तरी फोटो फिक्का का दिसायलाय?" सुरुवात करण्याआधी मल्टिमीटर लावून बघायची सवय लावा. मोठं काम सकाळी उरकत असेल तर उत्तम.

दाबलेल्या अवस्थेतच लाइट गेली तर? प्रेस उघडू नका. पाटा जाड असतो, तो हळूहळू गार होतो. शेवटचा मिनिट राहिला असेल तर मी टायमरपेक्षा ४०-५० सेकंद जास्त तसंच दाबून ठेवतो आणि बऱ्याचदा पीस वाचतो. सुरुवातीलाच गेली तर तो पीस गेला, असं समजून पुढं चला. पुन्हा तापवून दाबलं की कागद हललेला असतो आणि एका माणसाची दोन माणसं दिसतात.

फोटो कसा मागवायचा

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो हे या धंद्यातलं निम्मं दुखणं आहे. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो सव्वापाच इंचापर्यंतच चांगला छापतो. ८ बाय १० इंचाच्या काचेला २४०० बाय ३००० पिक्सेल हवेत. २०० च्या हिशेबानंही काम भागतं, त्याखाली जाऊ नका. गिऱ्हाइकाला सांगा, "काका, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." कसं करायचं ते दाखवायला लागतं. दोन मिनिटं जातात, पण नंतरचा अर्धा तास वाचतो.

जुना कागदी फोटो असेल तर मोबाइलनं काढू नका, स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. गेलेल्या माणसाचा फोटो बहुतेक वेळा असाच येतो: रेशनकार्डावरचा, नाहीतर १९८० च्या आसपास कुठल्यातरी स्टुडिओत पडद्यासमोर बसून काढलेला. अशा कृष्णधवल फोटोची एक अडचण आहे. या शाईत राखाडी रंग तीनचार रंगांच्या मिश्रणातून येतो आणि उष्णता जरा इकडेतिकडे झाली की तो हिरवट किंवा तांबूस दिसतो. आजोबा आजारी वाटायला लागतात. मी त्यावर भांडत बसत नाही. फोटोला आधीच जुन्या कागदासारखी पिवळसर तपकिरी छटा देऊन टाकतो. थोडं इकडेतिकडे झालं तरी ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं, आणि घरच्यांनाही ते आवडतं.

फोटो काचेपेक्षा चारी बाजूंनी ३ मिमी मोठा ठेवा, नाहीतर कडेला पांढरी रेघ राहते. रंगांसाठी शाईवाल्याकडून आयसीसी प्रोफाइल (त्या शाईचे रंग बरोबर यावेत म्हणून लागणारी फाइल) मागून घ्या आणि ते वापरताना प्रिंटरची स्वतःची रंगदुरुस्ती बंद करा. दोघांनी एकदम रंग सुधारले की बिघडतात. छापताना चांगल्या दर्जाचा पर्याय निवडा आणि हायस्पीड बंद ठेवा.

कागदावर फोटो मळकट, धुतलेल्या साडीसारखा दिसेल. घाबरू नका. रंग प्रेसमध्ये उघडतात.

उलटं की सुलटं

इथं सगळे एकदा तरी आपटतात. कॉफीचा मग छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं छापायचं असतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच सवयीनं काचेलाही उलटं छापतात आणि 'योगेश्वरी' हे नाव उजवीकडून डावीकडे जातं.

नियम एकच. ज्या बाजूनं रंग लावणार त्याच बाजूनं बघणार असाल तर मिरर करा. रंग मागून लावून काचेतून आरपार बघणार असाल तर मिरर करू नका. फोटोफ्रेमच्या काचेला पांढरं कोटिंग मागच्या बाजूला असतं, आपण मागून प्रेस करतो आणि पुढून काचेतून बघतो. म्हणजे कागदावर नाव सरळ वाचता आलं पाहिजे. पांढऱ्या ॲक्रिलिकच्या कीचेनवर कोटिंग पुढच्या बाजूला असतं, तिथं मिरर हवा.

काचेच्या मागून देवादिकांची चित्रं रंगवणारे जुने चित्रकार याच पेचात असायचे. त्यांना तर डोळ्यातली बुबुळं आणि दागिने आधी रंगवून चेहरा आणि मागचं आकाश नंतर भरावं लागायचं. आपल्याला फक्त एक खूण बघायची असते, तरी चुकतो. मी प्रेसच्या हँडलला चिठ्ठी बांधून ठेवली आहे: 'काच सरळ, चावी उलटी'.

काच: प्रत्यक्ष काम

सकाळी आधी नोझल चेक काढा, म्हणजे हेडची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं पान. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की चार दिवस प्रिंटर बंद राहिला तरी हेड शाई वाळून तुंबून बसतं. रोज सगळ्या रंगांची एक छोटी पट्टी छापली की हेड धुण्याचा खर्च वाचतो. पावसाळ्यात उलट होतं: कागद ओलावा धरतो, प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि चित्रावर ढगाळ डाग येतात. कागदाचा गठ्ठा झिपच्या पिशवीत ठेवा आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या त्यात टाका.

छापलेला कागद पाच-दहा मिनिटं वाळू द्या. कागदाला एकच बाजू छपाईची असते, ती जास्त पांढरी दिसते. दुसऱ्या बाजूवर छापलं तर शाई कागदातच मुरते.

काच पुसा, मग रोलर फिरवा. कोटिंगची बाजू ओळखा: ती पांढरी आणि हाताला कमी गुळगुळीत लागते. छापलेली बाजू त्या कोटिंगवर ठेवून दोन कडांना टेप लावा. कागद ताणून बसला पाहिजे. टेप चित्रावर नको, तिचा माग उमटतो.

आता थर लावा. खाली सिलिकॉन पॅड, त्यावर बटर पेपर, त्यावर काच, कोटिंग वरच्या बाजूला, त्यावर चिकटवलेला कागद, वर पुन्हा बटर पेपर. बटर पेपर प्रत्येक वेळी नवा. जुन्यावर आधीच्या फोटोचा रंग बसलेला असतो आणि तो पुढच्यावर भुतासारखा उठतो.

दाब हलका ठेवा. प्रेसचं हँडल दोन बोटांनी नाही, पण एका हातानं सहज बंद झालं पाहिजे. टी-शर्टाच्या दाबावर काच ठेवली तर आवाज येतो, आणि तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटत नाही.

माझ्याकडे ४ ते ५ मिमी काचेला १९० अंश आणि २०० ते २४० सेकंद लागतात. हे आकडे माझ्या प्रेसचे आहेत, तुमच्या वेगळे येतील. ब्लँक देणाऱ्यानं सांगितलेल्या आकड्यांपासून सुरू करा. शिकायला चार छोटे टी-कोस्टर घ्या. एकाच फोटोवर १६०, १९०, २२०, २५० सेकंद देऊन मागे मार्करनं लिहा आणि चारही उन्हात शेजारी ठेवून बघा. एवढ्या खर्चात जे शिकाल ते कुणाच्या व्हिडिओत नाही. हिवाळ्यात सकाळी काच आधी मिनिटभर उघड्या प्रेसखाली धरून कोमट करा. परभणीकडच्या मंडळींना हे जास्त लागू, तिथं डिसेंबरात पारा कधी कधी एक आकडी होतो.

टायमर वाजला. इथून पुढचं मिनिट महत्त्वाचं आहे.

साध्या काचेच्या दोन भागांत साधारण ४० अंशांचा फरक एकदम पडला तरी ती तडकू शकते. टफन (तापवून मजबूत केलेली) काच याहून खूप जास्त सहन करते, म्हणून शक्यतो टफनच ब्लँक घ्या. मात्र ती नंतर कापता येत नाही, माप आधीच ठरवून मागवा. कोणतीही काच असो, १९० अंशांवरची काच शहाबादी फरशीवर ठेवायची नाही. माझं दुकान जुन्या वाड्यात आहे, ओटा शहाबादीचा. पहिली चांगली आलेली काच मी कौतुकानं तिथंच ठेवली आणि तिचे तीन तुकडे झाले. लाकडी फळीवर जाड टॉवेलाची घडी घाला आणि त्यावर ठेवा. पंखा बंद. कूलर तर बंदच करा. मे महिन्यात ४२ अंशांत कूलर बंद करायला जीव होत नाही, पण कूलरच्या पाण्याचा एक थेंब काचेवर उडाला तर संपलं.

कागद दहा-पंधरा सेकंदांनी, एका झटक्यात, सरळ वर उचला. सरकवू नका. मग काचेला वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाईक समोर बसलं असेल तर चहा मागवा.

खोलीत हवा खेळती असू द्या. धूर फारसा दिसत नाही, पण वास येतो आणि दिवसभर तो छातीत घेणं बरं नाही.

ॲक्रिलिक: इथं सगळं उलटं

ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं आणि आपल्याला रंग हलवायला १८० लागतात. म्हणजे ज्या उष्णतेला फोटो चढतो, त्या उष्णतेला ॲक्रिलिकची पोळी होते. या ओढाताणीतून जेवढी सूट मिळते तेवढ्यातच काम करायचं असतं: कमी वेळ, कमी दाब, छोटा पीस. कोटिंग इथंही लागतंच. साइनबोर्डवाल्याकडची ॲक्रिलिक शीट आणून प्रेसखाली ठेवू नका. ती वाकेल, फुगेल, आणि पाट्याला चिकटली तर खरवडायला दुपार जाईल.

कोटेड ॲक्रिलिकच्या दोन्ही बाजूंना संरक्षक फिल्म असते. दोन्ही काढा. एक इतकी पातळ असते की नाही असंच वाटतं. नखानं कोपरा उचकटून बघा. राहिली तर ती वितळून फोटोत मिसळते. कोणत्या बाजूला कोटिंग आहे ते विकत घेतानाच विचारून घ्या, फिल्म काढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

३ मिमीच्या कीचेनला मी १८० अंश आणि ६० सेकंद देतो. दाब जवळजवळ नुसता स्पर्शाचा. पीस बाहेर काढताना तो हातात लवतो. घाबरून सरळ करायला जाऊ नका. ताबडतोब दोन सपाट, गार गोष्टींमध्ये ठेवा आणि वर वजन द्या. जी शहाबादी फरशी काचेची वैरीण, तीच इथं कामाला येते: खाली फरशी, वर फरशीचा दुसरा गुळगुळीत तुकडा, मध्ये बटर पेपर. दहा मिनिटांत पीस सपाट होऊन निघतो.

पारदर्शक ॲक्रिलिकवर मागून छापलं तर पांढरं नसल्यामुळे फोटो काचेच्या बांगडीसारखा आरपार दिसतो. मागं पांढरं व्हिनाइल चिकटवलं की चेहरा भरतो. हवेचे बुडबुडे राहू देऊ नका.

माझं मत विचाराल तर कीचेन, नावाची पाटी, हाताच्या पंजाएवढे पीस इथवर ॲक्रिलिक सब्लिमेशननं करावं. १२ बाय १८ चा ॲक्रिलिक फोटो कुणी मागितला तर तो यूव्ही प्रिंटिंगवाल्याकडे द्या. त्या मशीनमध्ये शाई वरच्यावर अतिनील दिव्यानं वाळते, पीस तापवावा लागत नाही आणि पांढरी शाईही असते. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला अशी कामं करून देणारे आहेत. आपण मध्ये आपला मोबदला घ्यायचा. यात कमीपणा नाही. मी दोन महिने मोठं ॲक्रिलिक स्वतःच करायच्या हट्टापायी घालवले आणि हाती आल्या त्या फक्त पन्हाळी.

गिऱ्हाइकाला काच घ्यावी की ॲक्रिलिक, हे वजनावरूनही सांगता येतं. ८ बाय १० इंचाची ५ मिमी काच साधारण साडेसहाशे ग्रॅम भरते. तेवढंच ॲक्रिलिक तीनशेच्या आसपास. मातीच्या भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावर, वरून हार घालायचा असेल, तर हा फरक कामाचा.

बिघडलं तर कुठं बघायचं

सगळा फोटो फिक्का: उष्णता किंवा वेळ कमी, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा व्होल्टेज. एकच कोपरा फिक्का: पाट्याचा तो कोपरा गार, किंवा खालचं पॅड दबलेलं. काळा रंग तपकिरी आणि कडा धूसर झाल्या तर जास्त शिजलं, २० सेकंद कमी करा. ढगाळ डाग म्हणजे ओलावा. दुहेरी कडा म्हणजे कागद हलला. आडव्या रेघा असतील तर प्रेसला दोष देऊ नका, त्या प्रिंटरच्या आहेत; नोझल चेक काढा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून फोटो सुधारला तर कशामुळे सुधारला ते कळत नाही. वहीत तारीख, काचेची जाडी, अंश, सेकंद, व्होल्टेज लिहा. माझी पहिली वही तेलकट, फाटकी आहे, पण मशीन विकायची वेळ आली तरी ती विकणार नाही.

पैशाचं आणि पाठवणीचं

दर ठरवताना ब्लँक, कागद, शाई, टेप धरा. वीज फार नाही: १८०० वॉटची प्रेस चार मिनिटं सलग चालली तरी ०.१२ युनिट. खरा खर्च फुटीचा असतो. सुरुवातीला दहातला एक पीस जाणार असं धरून दर लावा. ३१ मेच्या आधीचा आठवडा आमच्याकडे सर्वांत गडबडीचा. जुन्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लावली, त्यामुळे अर्धं गाव ३१ मेला निवृत्त होतं. त्यासाठी काचा एप्रिलमध्येच मागवा. आयत्या वेळी मागवल्या की पार्सल येतं आणि आत खुळखुळा वाजतो. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, नाहीतर फुटकी काच कुणी बदलून देत नाही.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी आधीच सांगा. एक, फोटो थेट उन्हात लावू नका. हे रंग अतिनील किरणांनी उडतात. शेतातल्या समाधीवर लावायला काचेचा फोटो मागितला तर मी नाही म्हणतो आणि ग्रॅनाइटवर कोरून घ्या असं सुचवतो. दुसरं, मागची कोटिंगची बाजू घासायची नाही. राखेनं, तारेच्या घासणीनं तर नाहीच. पुढून ओलं फडकं चालेल.

बाहेरगावी पाठवताना काच खोक्यात आडवी ठेवू नका, उभी ठेवा. चारी कोपऱ्यांना थर्माकोलचे तुकडे, मग बबल शीटचे दोन वेढे, आणि खोकं हलवून बघायचं: आत काही सरकलं तर अजून कागद कोंबा. बीडकडं जाणारं पार्सल मांजरसुंब्याच्या घाटातून जातं. खोक्यावर 'काच आहे' असं मोठ्या मराठी अक्षरांत लिहा. नुसती पेल्याची खूण काढली होती तेव्हा एका हमालानं विचारलं होतं, "यात ग्लास हायेत का हो?" आणि वर ज्वारीचं पोतं ठेवलं होतं.